ठेवा, मी लावतो

अनोळखी नंबरावरून फोन आला की मी उचलते आणि गप्प बसते. पलीकडून "हॅलो, हॅलो मॅडम, आवाज येतोय का" सुरू होतं. मी तरीही गप्प. आवाज पुरता कानात उतरू देते. मग त्या माणसाला काय हवंय ते तो सांगतो, मी म्हणते, "ठेवा, मी लावते," आणि ठेवून देते. लावायचा की नाही ते सावकाश बघते. माझी मुलगी म्हणते, आई, तुला फोन करणं म्हणजे पोलीस ठाण्यात हजेरी लावल्यासारखं वाटतं. वाटू दे. ही खोड मला सिंदेवाहीत लागली आणि ज्यांच्याकडून लागली त्यांच्यापुढे मी काहीच नाही.

सगळं गाव त्यांना एक्स्चेंजवाले चाचा म्हणायचं. टेलिफोन खात्यात तीस वर्षं ऑपरेटरकी केलेला माणूस. उंच, किडकिडीत, इस्त्रीचा पांढरा पायजमा आणि खिशाला दोन पेनं. तीस वर्षं हेडफोन लावून आपला डावा कान चपटा झाला असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे आणि कान पुढे करून दाखवायचे. मला तरी दोन्ही कान सारखेच दिसायचे. पण तसं म्हटलं की त्यांना वाईट वाटायचं, म्हणून मी म्हणायचे, हो चाचा, थोडा आहे खरा.

त्यांच्या काळात परगावी फोन लावायचा तर आधी एक्स्चेंजला सांगून कॉल बुक करावा लागायचा. ऑपरेटर म्हणायचा, ठेवा, मी लावतो. मग तोच उलटा फोन करायचा. त्यात दोन गोष्टी साधायच्या. एक तर लाईन मोकळी राहायची. दुसरं म्हणजे, बुक करणारा खरंच त्याच नंबरावरून बोलत होता की भलत्याच्या नावावर बिल फाडत होता, ते कळायचं. पुढे एक्स्चेंज ऑटोमॅटिक झालं, चाचा रिटायर झाले, पण त्यांच्यातला ऑपरेटर काही रिटायर झाला नाही.

मी नागपूरची. शिक्षणसेवक म्हणून सिंदेवाहीच्या शाळेत लागले आणि शाळा उघडायच्या आठवड्यात त्यांच्याकडे खोली मागायला गेले. दार बंद. आतून आवाज आला, "कोण?" मी नाव सांगितलं, शाळेत नवीन लागले, मागची खोली भाड्याने देणार असं ऐकलं. "शाळेचा नंबर सांगा." सांगितला. "थांबा तिथीच." मी उन्हात, एका हातात बादली, दुसऱ्यात वळकटी. आत फोनची बटणं वाजली. दहा मिनिटांनी दार उघडलं. त्यांनी आधी माझ्या चष्म्याकडे बघितलं, मग हनुवटीवरच्या तिळाकडे.

"या बाई. पानी घ्या. हेडमास्तरले इचारलं मी, नवीन बाई कशा दिसते म्हनून."

"मी नंबर दिला होता ना खरा?" मी जरा फणकाऱ्यानंच म्हटलं.

"नंबर बरोबर होता तुमचा. पन मी माया वहीतलाच लावला. दारात उभ्या मानसानं देल्लेला नंबर लावून काय फायदा? तिथी त्याचाच भाऊ बसला असन त?"

मला तेव्हा हा माणूस अर्धवट वाटला. पाच वर्षं त्यांच्याकडे राहिले, मत बदलायला एक वर्ष लागलं.

जगातल्या सगळ्या गोष्टींचे त्यांनी तीन भाग केले होते: ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. ट्रंक कॉलचे हेच तीन प्रकार असायचे. ऑर्डिनरी केव्हाही लागो, अर्जंटला पैसे जास्त, लाइटनिंग म्हणजे सगळ्यांच्या आधी. चहा मागितला की विचारायचे, "ऑर्डिनरी का अर्जंट?" ऑर्डिनरी चहा तासाभराने यायचा. शेजारच्या पोराला मोरीत जायची घाई झाली की "जाऊ द्या त्याले, लाइटनिंग आहे." लग्नाची पत्रिका आली तर कोपऱ्यात पेन्सिलीने "ऑ." लिहून ठेवायचे. कुणाची मयत असली तरच लाइटनिंग. तेव्हा मात्र चप्पल घालायलाही थांबायचे नाहीत.

दाराशीही त्यांचा तोच कायदा. कुणी कडी वाजवली की म्हणायचे, "थांबा, मी येतो," आणि मागच्या दाराने निघून गल्लीला वळसा घालून त्या माणसाच्या पाठीमागे जाऊन उभे राहायचे. पाहुणे दचकायचे. एकदा दागिन्यांना पॉलिश करून देणारी दोन माणसं गल्लीत आली. साळसूद बोलणं, हातात पावडरीची डबी. समोरच्या घरातल्या काकूंनी बांगड्या काढून दिल्या. घेतल्या तेव्हा वजनदार होत्या, परत आल्या त्या हलक्या. मग ती माणसं आमच्या दारी आली. चाचांनी त्यांना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, गाव विचारलं, दुकान विचारलं आणि म्हणाले, "जा तुमी. मीच येतो तुमच्या दुकानात, बांगड्या घेऊन." ती माणसं पाणी न पिताच गेली. "जो आपल्याकडे येते त्याचं ऐकाचं," चाचा मला म्हणाले, "आन आपन जिथी जातो तिथी बोलाचं. पूरी दुनिया याच्यावर चालते, बाई."

पण त्यांची एक गोष्ट या सगळ्या शहाणपणात बसायची नाही. पुढच्या खोलीत स्टुलावर फोन होता, क्रोशाच्या झाकणाखाली, आणि त्याला लागूनच त्यांची खाट. चाची बाजारात गेली की चाचा घरातून हलायचे नाहीत. दोघं मिळून कधी कुठे गेले नाहीत, का तर फोन वाजला तर. आणि तो वाजला की हा एरवी मोजून पावलं टाकणारा माणूस धावायचा. नमाजाची चटई गुंडाळता गुंडाळता, तोंडात घास असताना, एकदा तर अर्धी दाढी झालेली असताना. रिसीव्हर कानाला लावायचे आणि श्वास धरून आवाजाची वाट बघायचे. मग पलीकडून कुणीतरी बोलायचं आणि त्यांचे खांदे खाली यायचे.

फोनशेजारी दोऱ्याने बांधलेली नंबरांची वही होती. तिच्या पहिल्या पानावर एकच नंबर होता, नाव नव्हतं. कुणाचा म्हणून एकदा मी विचारलं तर म्हणाले, "आहे एक." चाचीने मान खाली घातली. त्यानंतर काही दिवसांनी, मागच्या अंगणात तांदूळ निवडताना, तिने मला सांगितलं.

नजमा त्यांची एकुलती एक मुलगी. नर्स झाली आणि पहिलीच नेमणूक भामरागडला मिळाली. तिथे तेव्हा फोन म्हणजे एक-दोन. दर रविवारी ती तिथून फोन करायची. "अब्बा, मी," एवढं ऐकलं की चाचा म्हणायचे, "ठेव बेटा, मी लावतो." पोरीचे पैसे जाऊ नयेत म्हणून. ती ठेवायची, तिथेच बसून राहायची आणि इकडून घंटी गेली की हसत उचलायची. बापलेकीचं सगळं प्रेम त्या दोन वाक्यांत होतं.

लग्न झालं. जावई मास्तर, दुसऱ्या गावी. त्या साली ऐन पावसात ती सात महिन्यांची गरोदर होती आणि तिला मलेरिया झाला. पावसाळ्यात भामरागडचा रस्ता बंद होतो हे तिकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. नदी चढत होती, पूल अजून उघडा होता. ती उठून कुठल्याशा ऑफिसात गेली आणि तिने फोन लावला. अब्बाने गडचिरोलीला चार ओळखीच्या लोकांना सांगितलं असतं तर पाणी चढायच्या आत गाडी आली असती, एवढंच तिला हवं होतं.

"अब्बा, मी नजमा, ऐका," ती म्हणाली.

"ठेव बेटा, मी लावतो," चाचा म्हणाले.

"अब्बा, ठेवू नका." तोवर ठेवला होता.

"रविवार नव्हता, हे बी त्यायच्या नंतर ध्यानात आलं," चाची म्हणाली. "हातानं ठेवला, पोरी. मनानं नाई ठेवला."

चाचांनी लगेच उलटा फोन लावला, त्यांना माहीत होता त्या रविवारच्या नंबरावर. तिथे ती नव्हतीच. ऑफिसाचा नंबर शोधून काढेपर्यंत लाईन गेली. पूल पाण्याखाली गेला. अकरा दिवस हा माणूस फोनसमोर बसून होता, दर तासाला बटणं दाबत. अकरा दिवसांनी लाईन लागली तेव्हा कळलं, नजमा वाचली, बाळ गेलं.

चाची पाणी ओसरल्याबरोबर मिळेल त्या गाडीने गेली. चाचा गेले नाहीत. फोनही केला नाही. चार दिवस म्हणत राहिले, लाईन नाई लागून राह्यली. लाईन लागत होती. चाचीने निघायच्या आधी लावून बघितली होती. पुढे नजमाची बदली गडचिरोलीला झाली, वहीच्या पहिल्या पानावर तिचा तिथला नंबर आला, तिला मुलगा झाला, तो शाळेत जायला लागला. चाची महिन्याला एसटीने जाऊन यायची, नातवाचा फोटो आणायची. चाचा फोटो बघायचे, चष्मा पुसायचे, पुन्हा बघायचे. नजमाने आईजवळ एवढंच सांगून ठेवलं होतं, "अब्बा म्हनले होते, मी लावतो. मी वाट पाहून राह्यली." आणि चाचा म्हणायचे, "राग आहे तिले. असलाच पाह्यजे. राग उतरन तवा तीच लावन. मी कोन्त्या तोंडानं लावू?" सिंदेवाही ते गडचिरोली दोन-अडीच तास लागतात. या दोघांना नऊ वर्षं पुरत नव्हती.

हे कळल्यावर मला त्यांचं धावणं बघवेना. फोन वाजला की मी खोलीचं दार लोटून घ्यायचे.

माझी शिक्षणसेवकाची तीन वर्षं संपली, पगार पूर्ण झाला, मी मोबाईल घेतला. महिनाभरात अनोळखी नंबरावरून पहिला फोन. मी ओट्यावर वह्या तपासत होते, चाचा शेजारी कान कोरत बसले होते. पलीकडे एक मुलगी. काय आवाज होता, खडीसाखरच. मॅडम, अभिनंदन. मॅडम, आमच्या बँकेने निवडक ग्राहकांमध्ये तुमची निवड केली. मॅडम, कार्ड मंजूर झालेलंच आहे, पहिलं वर्ष फुकट. सिंदेवाहीत मला तीन वर्षांत कुणी मॅडम म्हटलं नव्हतं, सगळे बाई म्हणायचे. खोटं कशाला सांगू, मी हरभऱ्याच्या झाडावर चढले. जन्मतारीख सांगितली. खात्याचा नंबर आणायला आत जायला उठले आणि तेवढ्यात तिने आईचं माहेरचं आडनाव विचारलं, ते मी मोठ्याने उच्चारून पुन्हा विचारलं.

चाचांनी कानातली काडी काढली. "आईचं माहेर काऊन इचारून राह्यली? लगन जमवते का?"

मी हाताने गप्प बसा म्हणून खूण केली.

"घाई आहे का तिले?" त्यांनी विचारलं. होती. आजच करायचं होतं, आज पाच वाजेपर्यंतच. "मंग म्हना तिले, ठेव, मी लावते."

मी तसं म्हटलं. मुलीने लगेच एक मोबाईल नंबर दिला. मी चाचांकडे विजयी मुद्रेने बघितलं. ते हसले.

"तिनं देल्लेला नंबर नाई, बाई. कितीदा सांगू? तुमच्या पासबुकावर छापला आहे तो लावा. नाईतर उद्या ब्रँचमदी जाऊन तोंडानं इचारा. बँक कुठी पळून जाऊन राह्यली?"

पासबुकावरच्या नंबरावर एका कंटाळलेल्या कारकुनाने सांगितलं, आम्ही असा फोन केलेला नाही, कुणाला काही सांगू नका. त्याच महिन्यात आमच्या शाळेतल्या एका सरांनी अशाच फोनवर सगळं सांगून टाकलं. त्यांना कार्ड कधी दिसलंच नाही, त्याचं बिल मात्र दर महिन्याला येत राहिलं आणि ते मिटवता मिटवता त्यांच्या नाकी नऊ आले. मी कानाला खडा लावला. चाचा मात्र जिंकल्यासारखे वागले नाहीत. एवढंच म्हणाले, "आवाज गोड असला त काई हरकत नाई. गोड आवाजाले घाई असली का मंग सांभाळाचं."

आज हे लिहिताना त्यांचा आवाज पुन्हा कानात येतो. चाचा जाऊन बरीच वर्षं झाली. माझी बदली झाल्यावर दोन वर्षांनी गेले, मला कळायला दोन महिने लागले, शाळेतल्या एका बाईंनी पत्रात शेवटी लिहिलं होतं. लाइटनिंगची बातमी मला ऑर्डिनरीने मिळाली. त्यांचा नंबर मला अजून पाठ आहे. कधीतरी मी तो लावते. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं एक बाई फार सभ्यपणे सांगते. मी ते पूर्ण ऐकते. मला त्यांना काही विचारायचं नसतं. त्यांनी एकदा "ठेवा बाई, मी लावतो" म्हणावं एवढंच वाटतं, आणि ते फार वाटतं.

तर, मोबाईलनंतर तो कार्डवाल्यांचा रोग घरच्या फोनलाही लागला. नंबर कुठून मिळाला देव जाणे. आठवड्यातून दोनदा, तीनदा. आणि प्रत्येक वेळी चाचा धावायचे, कारण वाजलेला प्रत्येक फोन नजमाचाही असू शकत होता. त्या लोकांना काय माहीत की त्यांनी सहज फिरवलेल्या नंबरावर एक म्हातारा नऊ वर्षांपासून उभा आहे. सुरुवातीला ते कायद्याने वागले. "ठेव, मी लावतो," आणि विषय बंद. मग दिवाळीनंतर माझ्या लक्षात आलं, फोन लांबायला लागले. "खाना खाया क्या बेटा?" "घर में कौन कौन है?" "इतनी धूप में ऑफिस जाती?" एकच मुलगी पुन्हा पुन्हा करत होती. चाचीला मी विचारलं तर ती म्हणाली, "बोलू दे. हसते तरी जरा."

शनिवारची सकाळची शाळा आटोपून मी घरी आले. चाची मागे विहिरीवर. पुढच्या खोलीत चाचा खाटेवर ताठ बसलेले, नाकावर चष्मा, मांडीवर पेन्शनचं पासबुक उघडं.

"हां, लिख बेटा," ते म्हणत होते. "दो... सात..."

मी पायातली चप्पलही काढली नाही. सरळ जाऊन फोनच्या खटक्यावर बोट ठेवलं आणि लाईन तोडली.

त्यांनी रिसीव्हर कानालाच ठेवून माझ्याकडे बघितलं. तीन वर्षांत मी त्यांना रागावलेलं बघितलं नव्हतं. "बाई, माया फोन काटला तुमी."

"काटला. ज्यानं फोन केला त्याला काही सांगायचं नाही, हे कुणी शिकवलं मला?"

"पोरगी चांगली आहे ती."

"तुम्ही तिला बघितलंय?"

"आवाज चांगला आहे." मग खाली बघत म्हणाले, "अंकल म्हनते मले. परवा इचारलं तिनं, अंकल, तबियत कैसी है. मले काई समजत नाई का, बाई? समजते. तिले कार्ड इकाचं आहे. पन कार्ड घेतलं का ती पुन्हा पुन्हा फोन करन, असं वाटलं मले." आणि अगदी हळू, "नजमा असंच बोलत होती. थोडं नाकात."

माझा राग उतरायला हवा होता. तो उलट चढला. मी फार बोलले त्या दिवशी, वयाचा मान सोडून बोलले. "परक्या पोरीचा आवाज ऐकायला पासबुक देता आणि आपल्या पोरीचा ऐकायला तिचा नंबर नाही लावत? तुमचा कायदा काय चाचा? ज्याच्याशी खरं बोलायचं त्याला आपण लावायचं. तुम्ही तिला सांगितलं होतं मी लावतो. तिनं ऐकलं, ती थांबली. तुम्ही लावलाच नाही. आणि वर म्हणता तिला राग आहे."

ओल्या हातांनी चाची दारात येऊन उभी होती. 

"तिनं उचलला नाई त?" चाचा म्हणाले.

"तर नाही उचलला. उद्या पुन्हा लावू."

 त्यांनी पासबुक बंद केलं, उशीखाली ठेवलं, पायजमा नीट केला. वहीचं पहिलं पान उघडलं नाही. बघायची गरजच नव्हती. एकेक बटण असं दाबलं की मला वाटलं मधेच थांबतील. घंटी गेली. तिसऱ्या घंटीला पलीकडे कुणीतरी उचलला आणि काहीच आवाज आला नाही. चाचाही गप्प. मला आधी कळेना, मग कळलं. त्यांच्याच हाताखाली वाढलेली पोर. तीही फोन उचलून आधी आवाजाची वाट बघणारच. दोघं कानाला फोन लावून एकमेकांचा श्वास ऐकत बसले होते.

"बोला," मी ओठांनीच म्हटलं.

चाचांनी घसा साफ केला. "सिंदेवाही," ते म्हणाले. तीस वर्षं ज्या स्वरात दुसऱ्या एक्स्चेंजला सांगायचे त्याच स्वरात. "सिंदेवाहीवरून बोलून राह्यलो."

मग ते ऐकत राहिले. फार वेळ नाही. रिसीव्हर हळूच खाली ठेवला.

"काय म्हणाली?"

"ठेवा म्हनली. मी लावते म्हनली."

चाची दारातच खाली बसली.  मला वाटलं, हे काय करून बसलो आपण. ही मुलगी आता याच शब्दांत याचा सूड घेणार. पण चाचांच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. "बरोबर आहे तिचं," ते म्हणाले. "आवाज ओळखला तरी नंबर तपासाचाच असते. मीच शिकवलं."

आम्ही बसलो. भात निवला. एक वाजला, दोन वाजले. चाचीने ताटं वाढली, कुणी हात लावला नाही. तीन वाजता फोन वाजला आणि आम्ही तिघंही उभे राहिलो. चाचांनी उचलला, श्वास धरला. मग त्यांचे खांदे नेहमीसारखे खाली आले. तीच कार्डवाली.

"कट हो गया था, बेटा," ते शांतपणे म्हणाले. "नहीं, नंबर नहीं दूंगा. कार्ड भी नहीं चाहिए. नाराज मत होना. अब लाइन खाली रख, मेरी बेटी का फोन आने वाला है." आणि ठेवता ठेवता, "तू भी अपने अब्बा को फोन लगा."

चार वाजले. चाचीने असरची नमाज पढली. मी माझ्या खोलीत जाऊन परत आले, पुन्हा जाऊन परत आले. शेवटी न राहवून म्हटलं, "चाचा, ती करेल ना?"

"अर्जंट असता त पंधरा मिनटात आला असता," त्यांनी हिशेब केला. "लाइटनिंग त नाईच. ऑर्डिनरी असन. बसू."

दिवे लागायच्या वेळी फोन वाजला. चाचा धावले नाहीत, शेजारीच तर बसले होते. एक घंटी पूर्ण वाजू दिली. मग रिसीव्हर उचलला. मी त्यांच्या गप्प बसण्याची वाट बघत होते. पाच वर्षांच्या माझ्या मुक्कामात आलेल्या फोनवर ते आधी बोलले असं तेवढं एकदाच झालं.

"नाई ठेवत, बेटा," ते म्हणाले. "बोल तू. नाई ठेवत."

मी चाचीचा हात धरला आणि आम्ही दोघी मागच्या अंगणात निघून गेलो.